गोळी, गुठळी आणि रक्तातला मेद



विडी कामगारांच्या संघटनेत ज्याची तीस वर्षे गेली, अशा माणसाने या व्यासपीठावरून मजुरीचे दर, भविष्यनिर्वाह निधी किंवा ठेकेदारांची लबाडी यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आणि ती रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयात. अशा माणसाने वैद्यकात नाक खुपसणे हा आगाऊपणा ठरेल, हे आम्हांला ठाऊक आहे. तथापि हा विषय आम्ही शोधायला गेलो नव्हतो. तो आमच्या टेबलावर येऊन पडला.

झाले असे की, विड्या वळणारी आमची एक सभासद बाई एका आरोग्य शिबिरातला रक्ततपासणीचा कागद घेऊन आली. वय अडतीस, मुले तीन. पाच वर्षे ती पाळणा लांबविण्याची सरकारी गोळी घेत होती. कागदावर कोलेस्टेरॉलचे आकडे होते आणि त्यांपैकी ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या आकड्याभोवती तांबड्या शाईने गोल केला होता. शिबिरातल्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत निकाल दिला होता : “चरबी बिघडली आहे. गोळी बंद करा.” त्याऐवजी काय घ्यावे, हे सांगायला त्यांना सवड झाली नसावी.

ती म्हणाली, “अण्णा, माझ्या जावेला गेल्या वर्षी हेच सांगितलं. तिनं गोळी सोडली, चौथ्या महिन्यात दिवस गेले. आता मी काय करू?”

आम्ही म्हणालो, “अक्का, आठ दिवसांनी ये. तोवर गोळी सोडू नको आणि माझ्या शब्दावरही बसू नको.” आठ दिवसांचे पुढे सात-आठ महिने झाले, कारण एका पुस्तकातून दुसरे निघत गेले. बाईचा प्रश्न मात्र तितके दिवस टांगून ठेवला नाही. ती हकिगत शेवटी सांगू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोलेस्टेरॉल हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो, परंतु स्त्रीच्या शरीरातली दोन्ही प्रमुख संप्रेरके, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, ही कोलेस्टेरॉलपासूनच घडतात. चार कड्यांचा तोच सांगाडा. एका बाजूस थोडे कमी, दुसऱ्या बाजूस थोडे जास्त. म्हणजे गोळी आणि कोलेस्टेरॉल यांचे नाते लेकी-आईचे आहे. गोळी ज्या कच्च्या मालातून प्रथम निघाली, तो मालही याच कुळातला होता. मेक्सिकोच्या जंगलात उगवणाऱ्या रानकंदांत डायोस्जेनिन नावाचे द्रव्य सापडते. रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४०च्या सुमारास त्यापासून प्रोजेस्टेरॉन करण्याची रीत बसविली. त्या काळी प्रोजेस्टेरॉन सोन्याहून महाग होते. मार्करने एका विषयाचा सक्तीचा अभ्यासक्रम करण्याचे नाकारून डॉक्टरेट सोडून दिली होती, हे वाचून आम्हांला किंचित बरे वाटले, हे कबूल करतो. अमेरिकेतल्या कंपन्या भांडवल घालीनात, तेव्हा १९४४ मध्ये मेक्सिकोतच सिंटेक्स ही कंपनी त्याने दोघा भागीदारांसह काढली आणि वर्षभरात भांडून सोडली. याच कंपनीत १५ ऑक्टोबर १९५१ रोजी लुइस मिरामोंतेस या सव्वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हातून नॉरएथिस्टेरोन तयार झाले. कार्ल जेरासी व जॉर्ज रोझेनक्रान्झ हे त्याचे वरिष्ठ. तोंडाने घेता येईल असे हे कृत्रिम प्रोजेस्टेरॉन होय.

ते कंद खणून कोण काढीत होते? व्हेराक्रूझ आणि ओआहाका भागांतले शेतमजूर. ‘बार्बास्को’ नावाचा कंद ते पाठीवरून वाहून आणीत आणि किलोच्या भावाने विकीत. भाव दलाल ठरवी. १९७५ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने या व्यवहारात उतरून एक सरकारी कंपनी काढली, परंतु तोपर्यंत कारखानदारांना दुसरे कच्चे माल मिळू लागले होते. पाने-तंबाखू ठेकेदाराकडून घेणाऱ्या आणि तयार विडी त्याच्याच मापाने मोजून देणाऱ्या आमच्या बायांना ही कथा निराळी समजावून सांगावी लागत नाही.

आता पैसा कोठून आला ते पाहू. मार्गारेट सँगर ही न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत परिचारिकेचे काम केलेली बाई. १९१६ साली ब्रुकलिनमध्ये तिने संततिनियमनाचे केंद्र उघडले, ते थोड्याच दिवसांत पोलिसांनी बंद केले आणि तिला तीस दिवसांची कैद झाली. तिच्या मागे उभी राहिली कॅथरिन मॅककॉर्मिक. १९५३ पासून ग्रेगरी पिंकस यांच्या प्रयोगशाळेला जो पैसा मिळाला, तो बहुतांशी या एकाच बाईचा. तिचा नवरा स्टॅन्ली हा सायरस मॅककॉर्मिक या कापणीयंत्रे बनविणाऱ्या कारखानदाराचा धाकटा मुलगा. १८८६च्या मे महिन्यात शिकागोला मॅककॉर्मिकच्या कारखान्यापुढेच संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात ते प्रकरण घडले, ज्याच्या स्मरणार्थ आपण १ मे पाळतो. त्याच कारखान्याची मिळकत सत्तर वर्षांनी दुसऱ्या प्रकारच्या गोळीवर खर्च झाली. यातून काही तात्पर्य काढावे असे नाही. पण मे दिन तोंडावर आला असता हे सांगितल्याशिवाय आम्हांला राहवले नाही.

सँगरबाईंचा आपल्याकडेही संबंध आला. १९३५च्या डिसेंबरात त्या वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी संयमाचाच उपाय सांगितला आणि दोघांचे जमले नाही. त्याआधी १९२१ सालीच र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले, दंड भरले. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. कर्व्यांचा मृत्यू १९५३ साली झाला. म्हणजे ज्या वर्षी मॅककॉर्मिकबाईंनी पिंकसच्या प्रयोगशाळेसाठी थैली सोडली, त्याच वर्षी. गोळी त्यांनी पाहिली नाही. सँगरबाईंच्या लिखाणात सुप्रजननाच्या नावाखाली गरीब व दुबळ्यांविषयी जे उद्गार येतात, ते आम्हांला मान्य होण्यासारखे नाहीत. बाई धीराची होती आणि तिच्या विचारात हा डागही होता. दोन्ही खरे.

मॅसॅच्युसेट्समध्ये, जेथे पिंकस व डॉ. जॉन रॉक काम करीत, तेथे संततिनियमनास कायद्याची बंदी होती. म्हणून मोठा प्रयोग १९५६ मध्ये पोर्तो रिको बेटावर झाला. रिओ पिएद्रास येथील सरकारी चाळींतल्या बायांना गोळी देण्यात आली. गर्भ राहू नये म्हणून ही गोळी आहे, एवढे त्यांना ठाऊक होते; आपण एका प्रयोगात आहोत, हे बहुतेकींना कोणी सांगितले नव्हते. तेथील काम पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी अहवाल दिला की गोळी गर्भ रोखते खरी, परंतु शंभरांतल्या सतरा बायांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, ओकारी यांचा त्रास होतो आणि सर्वांनी घ्यावी अशी ही गोळी नाही. पिंकस यांचा कल या तक्रारी मनाच्या समजण्याकडे होता. श्रोतेहो, तंबाखूच्या धुळीने खोकणाऱ्या बाईला “तुझ्या मनाचे खेळ आहेत” असे सांगणारा मुकादम आम्ही पाहिला आहे. म्हणून हे वाक्य वाचताना पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवावे लागले.

ती पहिली गोळी, एनोव्हिड, हिच्यात सुमारे १० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉनसदृश द्रव्य आणि १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होते. अमेरिकेत १९५७ साली पाळीच्या विकारांसाठी व १९६० साली संततिनियमनासाठी तिला परवानगी मिळाली. त्या वेळी सलग वर्षभर ही गोळी घेतलेल्या बाया दीडशेही नव्हत्या. आज आपल्याकडील माला-डीच्या एका गोळीत इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम असते. इस्ट्रोजेनचा प्रकार दोन्हींत निराळा आहे, त्यामुळे थेट भागाकार करणे बरोबर होणार नाही. तरी जुनी मात्रा किती अवाढव्य होती, याची कल्पना यावी.

मात्रा उतरली ती कोणाच्या कृपेने नव्हे. १९६१ मध्ये इंग्लंडातील एका साध्या खेड्यातल्या डॉक्टराने, जॉर्डन यांनी, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रास कळविले की आपल्या एका रुग्ण परिचारिकेला ही गोळी घेत असता फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली. मग अशी पत्रे येऊ लागली. १९६८ पर्यंत इनमन, व्हेसी व डॉल यांच्या मोजणीने संशय पक्का झाला, आणि १९६९च्या डिसेंबरात ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने ५० मायक्रोग्रॅमहून अधिक इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळाव्यात असे डॉक्टरांना सांगितले. अमेरिकेत १९७०च्या जानेवारीत सिनेटर नेल्सन यांच्या समितीपुढे गोळीची चौकशी सुरू झाली. तेथे साक्षीला गोळी घेणारी एकही बाई बोलाविली नव्हती. तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या तरुण बायांनी उठून प्रश्न विचारले आणि कामकाज थांबविले. त्या गोंधळानंतर गोळीच्या पाकिटात धोक्याची माहिती देणारा छापील कागद घालणे भाग पडले. तो कागद आज आपण न वाचता फेकतो.

कोलेस्टेरॉलची गोष्ट याच काळात, पण निराळ्या दाराने आत आली. १९६६ साली लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळातील व्हिक्टर विन व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की गोळी घेणाऱ्या बायांच्या रक्तातले मेदाचे प्रमाण बदलते. विशेषतः ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते. त्या सुमारास अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या, १९४८ पासून चाललेल्या पाहणीने कोलेस्टेरॉल व हृदयविकार यांची सांगड लोकांच्या मनात घट्ट केली होती. १९७७ मध्ये त्याच पाहणीने सांगितले की कोलेस्टेरॉलचा एक वाटा, ज्याला एचडीएल म्हणतात, तो जास्त असणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो. शिबिरातल्या कागदावरचे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल ते हेच. लगेच १९७८ साली कॅलिफोर्नियातील एका पाहणीने दाखविले की गोळीतले इस्ट्रोजेन हे एचडीएल वाढविते आणि प्रोजेस्टेरॉनसदृश द्रव्य ते घटविते.

हे कसे घडते? तोंडाने घेतलेली गोळी आतड्यातून प्रथम यकृतात जाते, आणि यकृत हा मेदाचा मुख्य कारखाना. इस्ट्रोजेन त्या कारखान्यात एचडीएलचे व ट्रायग्लिसराइडचे उत्पादन वाढविते, तर ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, रक्तातून अधिक वेगाने उचलून घेते. पण त्याच यकृतात ते रक्त गोठविणारी द्रव्येही वाढविते. लेव्होनॉरजेस्ट्रेल, म्हणजे माला-डीतले दुसरे द्रव्य, यात पुरुषी संप्रेरकाचा थोडा गुण आहे. त्याने एचडीएलचा निचरा करणारे यकृतातील एक विकर जोर धरते आणि चांगल्या कोलेस्टेरॉलचा आकडा खाली येतो. गोळीत दोघांची ओढाताण चालते, आणि कागदावरचा आकडा हा त्या ओढाताणीचा हिशेब असतो. आमच्या अक्काच्या कागदावरील तांबड्या गोलाचा एवढाच अर्थ होता.

औषधी कंपन्यांनी यातून नवी वाट काढली. पुरुषी गुण कमी असलेली द्रव्ये शोधली : डेसोजेस्ट्रेल, जेस्टोडीन. १९८०च्या दशकात या ‘तिसऱ्या पिढीच्या’ गोळ्या युरोपच्या बाजारात आल्या आणि रक्तातील मेदाला अनुकूल म्हणून त्यांची शिफारस झाली. शिफारस खोटी नव्हती. १९९० साली विन यांच्याच गटाने हजाराहून अधिक गोळी घेणाऱ्या बायांचे रक्त तपासून सांगितले की लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळ्यांनी एचडीएल घटते, डेसोजेस्ट्रेलच्या गोळीने ते वाढते. कागद सुधारला.

आणि १९९५च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या समितीने डॉक्टरांना पत्र धाडले की याच नव्या गोळ्यांनी शिरांतल्या गुठळीचा धोका जुन्या दुसऱ्या पिढीच्या गोळ्यांच्या जवळपास दुप्पट आहे. त्या वेळच्या हिशेबाने वर्षाला लाख बायांत सुमारे १५ ऐवजी सुमारे ३०. ज्या गोळीने कोलेस्टेरॉलचा कागद उजळला, तिनेच गुठळी वाढविली. आणि कागद बिघडविणारी लेव्होनॉरजेस्ट्रेलची स्वस्त, जुनी गोळी या बाबतीत बरी ठरली. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की हृदयाच्या झटक्यापुरते पाहता २००१ सालच्या एका डच अभ्यासात तिसऱ्या पिढीचे पारडे हलके दिसले. पण तरुण बाईला झटका मुळातच इतका विरळा येतो की त्या तोलावर सर्वांची गोळी बदलावी असे कोणी ठरविले नाही.

त्या पत्राचे पुढे काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. डॉक्टरांच्या हाती पत्र पडण्याआधी वर्तमानपत्रांत बातमी आली. हजारो बायांनी भीतीने गोळी एकदम सोडली, आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये गर्भपातांची संख्या वाढली. गर्भारपणात गुठळीचा धोका कोणत्याही गोळीपेक्षा अधिक असतो. समितीच्याच हिशेबात तो लाखाला ६० होता. ही ओळ वाचली तेव्हा आम्हांला अक्काची जाऊ आठवली.

रक्तातला आकडा आणि रोग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वैद्यांना याआधीच एकदा महागात पडून कळले होते. १९६६ मध्ये अमेरिकेत एक मोठा प्रयोग सुरू झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आठ हजारांवर पुरुषांना कोलेस्टेरॉल उतरविणारी निरनिराळी औषधे दिली. त्यांत एका गटास चक्क स्त्रीचे इस्ट्रोजेन दिले होते. कारण सरळ होते : इस्ट्रोजेनने कोलेस्टेरॉल सुधारते आणि बायांना पाळी जाईपर्यंत झटके कमी येतात. परंतु १९७० साली मोठ्या मात्रेचा भाग बंद करावा लागला, कारण त्या पुरुषांना झटके व गुठळ्या अधिक होऊ लागल्या. १९७३ साली लहान मात्रेचाही बंद झाला. उलट बाजूचा पुरावा माकडांचा. उत्तर कॅरोलिनात अ‍ॅडम्स व क्लार्कसन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केले की गोळीतली द्रव्ये दिलेल्या माकडिणींचे एचडीएल उतरले, तरी त्यांच्या हृदयाच्या रोहिण्यांत मेदाचा थर वाढण्याऐवजी कमीच भरला. एकीकडे आकडा चांगला आणि माणसे आजारी, दुसरीकडे आकडा वाईट आणि रोहिण्या स्वच्छ.

मग गोळी घेणाऱ्या बाईला झटका येतो तो कशाने? बहुधा गुठळीने; वर्षानुवर्षे साचलेल्या मेदाने नव्हे. मेद साचून रोग होत असता तर गोळी सोडल्यावरही धोका मागे राहिला असता. अमेरिकेत १९७६ पासून एक लाख एकवीस हजारांवर परिचारिकांची पाहणी चालली. १९८८ साली तिचा निष्कर्ष आला की पूर्वी गोळी घेतलेल्या व पुढे सोडलेल्या परिचारिकांत हृदयविकार जास्त नव्हता. ब्रिटनमध्ये १९६८ पासून साध्या कुटुंब-डॉक्टरांनी सेहेचाळीस हजार बायांची नोंद ठेवली. १९७७ साली त्यांनी सांगितले की रक्ताभिसरणाच्या रोगाने मृत्यू येतो तो मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्या व पस्तिशी उलटलेल्या गोळीधारक बायांना. आणि २०१० साली, जवळजवळ चाळीस वर्षांच्या नोंदीनंतर, गोळी घेतलेल्या बायांत एकंदर मृत्यू न घेतलेल्यांपेक्षा कमीच आढळले. आमच्या बाया सिगारेट ओढत नाहीत. पुष्कळजणी मिश्री लावतात, दिवसभर तंबाखूत हात घालून बसतात. त्या विलायती वह्यांत त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

आणि एक गोष्ट या सर्व अभ्यासांत कोलेस्टेरॉलपेक्षा वरचढ दिसते. ती म्हणजे रक्तदाब. गोळीने काही बायांचा रक्तदाब चढतो, आणि आधीच चढलेल्या बाईला गोळीने झटक्याचा व पक्षाघाताचा धोका पुष्कळ वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेचे नियम स्पष्ट आहेत : निरोगी बाईला गोळी सुरू करण्यापूर्वी कोलेस्टेरॉल तपासण्याची गरज नाही, रक्तदाब मात्र मोजावा. ज्यांच्या घरात मेदाचा आनुवंशिक रोग आहे किंवा ज्यांचे ट्रायग्लिसराइड फार चढलेले आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी डॉक्टरांस विचारलेच पाहिजे.

हे वाचून झाल्यावर आम्ही अक्काचा कागद पुन्हा काढला. कोलेस्टेरॉलचे चार आकडे होते. रक्तदाबाचा रकाना कोरा. तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “दंडाला बांधायचं ते यंत्र बिघडलंय म्हणाले.”

हा मजकूर हाती लागला तो पहिल्या पंधरवड्यातच. दुसऱ्या दिवशी युनियनची एक कार्यकर्ती तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. रक्तदाब १५०/९६ निघाला. आठ दिवसांनी पुन्हा मोजला, तेवढाच. तेथील डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावून सांगितले, गोळी बंद केली आणि त्याच दिवशी तांबी बसवून दिली. म्हणजे “गोळी बंद करा” हे शिबिरवाल्यांचे वाक्य खरे ठरले. कारण चुकीचे होते आणि पुढचे अर्धे वाक्य गाळलेले होते. तो तांबडा गोल पाहून तिने नुसती गोळी सोडली असती, तर चढलेला रक्तदाब घेऊन ती चौथ्या बाळंतपणाला बसली असती.

तिच्या जावेला मुलगी झाली. आता ती चालू लागली आहे. युनियनने वर्गणीतून रक्तदाबाचे यंत्र घेतले असून मजुरी वाटपाच्या दिवशी ते आमच्या टेबलावर असते. एका नर्सताईंनी दोन मुलींना ते वापरायला शिकविले. पहिल्या दिवशी बाया लाजून पुढे येईनात, तेव्हा आम्हीच दंड पुढे केला. आमचा आकडा १६० निघाला. सगळ्याजणी हसल्या आणि मग रांग लागली.